वाव

आमच्या भागात विहिरीची खोली पूर्वी फुटांत कोणी सांगत नसे. ‘आठ वाव पाणी’, ‘दहा वाव दोर’ असे बोलण्याची पद्धत होती. दोन्ही हात दोन बाजूंना पूर्ण पसरले म्हणजे एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जे अंतर होते, ते एक वाव. दोर विकत घेताना मोजपट्टीची गरज नव्हती, मोजणाऱ्याचे शरीर हीच मोजपट्टी. संस्कृतात या मापाला ‘व्याम’ म्हणतात आणि ‘व्यायाम’ हा शब्दही त्याच कुळातला मानला जातो. ताणणे, पसरणे, विस्तारणे हा त्याचा मूळ भाव. पुढे विहिरींवर मोटारपंप आले, दोर गेले आणि वाव हे माप विस्मरणात गेले. शब्द तेवढा उरला. ‘योजनेत सुधारणेस वाव आहे’ हे वाक्य राज्य शासनाच्या सेवेत असताना मी किती नस्त्यांवर लिहिले असेल, याची गणती नाही. पण या शब्दाच्या पोटात पसरलेले दोन हात आहेत, हे मला उमगले ते सेवानिवृत्तीनंतर, माझा डावा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला तेव्हा.

2022 च्या डिसेंबर महिन्यात नागपूरच्या एका रुग्णालयात माझ्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. कर्करोग होता. स्तन काढावा लागला आणि त्याबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या. हे मी सरळ शब्दांत लिहिते आहे, कारण आमच्याकडे ते सरळ शब्दांत बोलले जात नाही. मोहगावात या आजाराला ‘छातीची गाठ’ म्हणतात, तेही दार लोटून घेतल्यावर. भारतातल्या स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. तरीही त्याचे नाव घेताना बायकांचा आवाज खाली जातो. शस्त्रक्रियेचा खर्च, केस जाणे, आयुष्याची शाश्वती यांविषयी थोडेफार लिहिले जाते. शस्त्रक्रियेनंतर हाताचे काय होते, तो पुन्हा कसा चालता करायचा, याविषयी मराठीत माझ्या वाचनात फारसे आले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्तन छातीवर असला तरी शस्त्रक्रियेचा जाच हाताला होतो, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कारण असे की, छातीचा मोठा स्नायू बरगड्यांवरून निघून दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. त्यावरची त्वचा शिवली की ती आखडते. काखेतल्या ज्या गाठी काढतात, त्या हातातून परतणाऱ्या लसिकेच्या वाटेवरच्या चौक्या असतात. चौक्याच गेल्या म्हणजे पाणी तुंबावे तशी लसिका हातात तुंबू शकते आणि हात सुजतो. काही जणींना काखेपासून कोपरापर्यंत त्वचेखाली तारेसारखे ताठ धागे लागतात. मलाही लागले होते. हात वर करू गेले की सतारीची तार पिळावी तसे ते ताणत. हे धागे बहुधा काही आठवड्यांत आपोआप आणि सौम्य ताणाने सैल होतात. परंतु ते ठाऊक नसलेली बाई घाबरून हात पोटाशी धरून बसते, आणि पोटाशी धरलेला खांदा हळूहळू तिथेच थिजतो.

एके काळी यापेक्षा फार वाईट स्थिती होती. अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत रूढ केली, तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढून टाकीत. आजार जितका मोठा तितके अधिक कापावे, असा तो विचार होता. त्यामागे स्त्रीला वाचविण्याचीच तळमळ होती, पण वाचलेल्या स्त्रीचा हात बहुधा निकामी आणि सुजलेला राही. 1948 साली लंडनच्या पेटी यांनी छातीचा मोठा स्नायू राखूनही शस्त्रक्रिया करता येते हे मांडले. पुढे 1971 पासून अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांनी हजारो स्त्रियांच्या सहभागाने तुलनात्मक चाचण्या केल्या आणि कमी कापल्याने आयुष्य कमी होत नाही, हे सिद्ध केले. माझ्या छातीचा स्नायू शाबूत आहे, तो या माणसांच्या हट्टामुळे. त्यांच्याइतकेच ऋण मी टेरेसे लासर नावाच्या एका गृहिणीचे मानते. 1952 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिची हॉलस्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. हात कसा हलवावा, कपडे कसे घालावेत, हे तिला कोणी सांगेना. तेव्हा तिने स्वतः ते शोधून काढले आणि एक रबरी चेंडू व दोरी घेऊन ती इतर रुग्ण स्त्रियांच्या खाटांशी जाऊन बसू लागली. डॉक्टरांना आरंभी तिची ही लुडबूड रुचली नाही. पुढे 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचा उपक्रम आपल्याकडे घेतला.

मला व्यायाम शिकविला तो रुग्णालयातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी ती आली आणि म्हणाली, “आजी, मूठ वळा पाहू.” काखेपाशी नळी, नळीच्या टोकाला डबा, त्यात लालसर पाणी, आणि ही मला मूठ वळायला सांगत होती. आरंभीचे दिवस मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, खांदे उचलून सोडणे आणि दीर्घ श्वास, एवढेच. हात खांद्याच्या पातळीवर न्यायचा नाही. दिवसाचा स्राव 30 मिलिलिटरच्या आसपास उतरल्यावर नळी काढली आणि मग खरा अभ्यास सुरू झाला. भिंतीसमोर उभे राहायचे आणि बोटांनी भिंतीवर चढायचे, मुंगीने चढावे तसे. वेदना सुरू होते तिथे थांबायचे, पाच श्वास मोजायचे आणि खाली यायचे. दुसरा प्रकार दोरीचा. दाराच्या चौकटीला कप्पी अडकवून दोन टोके दोन हातांत धरायची, चांगल्या हाताने दोर खाली ओढायचा म्हणजे दुखरा हात आपसूक वर जातो. तिसरा प्रकार टॉवेलचा. पाठीमागे टॉवेल धरून पाठ पुसल्यासारखे करायचे.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. छत्तीस वर्षांची नोकरी असल्यावर प्रगतिपत्रकाशिवाय चैन पडत नाही. पहिली रेघ हनुवटीच्या पातळीवर होती. पंधरा दिवसांनी ती कपाळापर्यंत गेली. मध्ये आठ दिवस ती हललीच नाही आणि एकदा तर दोन बोटे खाली आली. अशा दिवशी मुलीला फोन केला की ती म्हणे, “अहो आजी, रोज वाढलीच पाहिजे असा शासनाचा आदेश आहे का?”

भिंतीवर बोटे चढविताना एक गोष्ट ध्यानात आली. हे सारे मी पूर्वी पाहिलेले होते. मोहगावच्या घरांत पोळ्याच्या आणि दिवाळीच्या आधी माझी आई आणि आत्या भिंती पोतारीत. पांढऱ्या मातीत भिजवलेले फडके घेऊन हात वर, आणखी वर, आढ्याखालच्या पट्टीपर्यंत नेत. विहिरीवर कप्पीचा दोर ओढताना एक हात खाली येई आणि दुसरा वर जाई. जात्याच्या खुंट्याभोवती खांदा पूर्ण वर्तुळात फिरे. भाषेने या कष्टांना कधी व्यायाम म्हटले नाही. व्यायाम आखाड्यात होई, हनुमानाच्या तसबिरीसमोर, पुरुषांचा. आमच्यापासून जवळच्या अमरावतीत 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांत आखाड्यांचा लौकिक वाढला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मात्र स्त्रियांनीही सूर्यनमस्कार घालावेत असा आग्रह धरला आणि आपल्या घरापासूनच त्याचा आरंभ केला. तो विचार आमच्या गल्लीपर्यंत पोचायला फार वेळ लागला. आईचे कष्ट सुखाचे होते असे मला म्हणायचे नाही. तिची कंबर चाळिशीतच गेली होती. मात्र तिचा हात आयुष्यभर आढ्याला पोचत होता.

आजारी माणसाच्या घरी माया ओसंडून वाहते आणि ती बहुतेक वेळा विश्रांतीचे रूप घेते. सून माझ्या हातातून पाण्याचा तांब्यादेखील काढून घेई. संक्रांतीच्या दिवसांत बायका भेटायला आल्या. वाणाचे ताट मी डाव्या हातानेही उचलू पाहिले, तेव्हा शेजारच्या काकू ओरडल्याच. “बाई, हात नका हलवू हो! टाके उसवतीन. आता बसून खा, लय केलं तुमी.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. अशा मायेला नाही म्हणणे हे कोणत्याही व्यायामापेक्षा कठीण जाते. मी त्यांना म्हटले, “काकू, महिनाभरानं मले नागपुरात मशीनखाली हात डोक्यावर घेऊन निजायचं आहे. हात नाही गेला, त किरणं कशी देतीन?” हे कारण त्यांना पटले. ते खरेही होते. किरणोपचाराच्या वेळी हात डोक्याच्या वर ठेवून निश्चल पडावे लागते. हात वर जाईना, तर उपचारच खोळंबतो. पुढे काकूच संध्याकाळी डोकावून विचारू लागल्या, “आज कुठवर गेली रेघ?”

तेव्हापासून मी ‘आराम करा’ हा शब्द जपून वापरते. आराम लागतोच. औषधोपचाराच्या दिवसांत अंगणापर्यंत जाणेही डोंगर चढण्यासारखे होई. तरी डॉक्टरांचा सल्ला असा की, थकव्यावर उपाय म्हणूनही थोडे चालावे. मी आरंभी ओसरीवर दहा फेऱ्या घालीत असे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग नदीकाठच्या देवळापर्यंत.

वजन उचलण्याविषयीचा समज तर गेल्या काही दशकांत पुरता पालटला आहे. काखेच्या गाठी काढलेल्या बाईने त्या हाताने जड काही उचलू नये, हा नियम पूर्वी जन्मभराचा असे. 1996 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यक तज्ज्ञाने असा आजार होऊन गेलेल्या 24 स्त्रियांना लांबलचक नावेत बसवून वल्ही मारायला शिकविले. वल्हे मारणे हे हाताचे आणि छातीचे दणकट काम. हात सुजतील ही भीती खोटी ठरली आणि आज अशा नावा अनेक देशांत चालतात. 2009 मध्ये कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हात आधीच सुजलेल्या 141 स्त्रियांचा तो अभ्यास होता. ज्यांनी आठवड्यातून दोनदा, शिक्षकाच्या देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून सुरुवात करून हळूहळू वजन वाढवीत व्यायाम केला, त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि हातात ताकद आली. ‘हळूहळू’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द. मी अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीपासून आरंभ केला.

आता शहरांतून स्तनांवरच्या दुसऱ्याही शस्त्रक्रिया होतात. कोणी गेलेला स्तन पुन्हा घडवून घेते, कोणी आकार वाढविण्यासाठी सिलिकॉनची पिशवी बसवून घेते. 1962 साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात हा प्रयोग प्रथम झाला. माझ्या एका नातलग मुलीने मोठ्या शहरात अशी शस्त्रक्रिया करून घेतली. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही, म्हणून तिने मन मोकळे करायला मला फोन केला. तिचा प्रश्न माझ्याच प्रश्नासारखा होता, “आत्या, व्यायाम कधी सुरू करू?” तिची पिशवी छातीच्या त्याच मोठ्या स्नायूखाली बसविली होती. पहिल्या दिवसांपासून थोडे चालावे, पण हाताने जोर लावण्याची कामे, वजने, जोर-दंड काही आठवडे वर्ज्य, आणि पुढे शल्यविशारद सांगेल तेव्हाच. घाई केली तर आत रक्त साकळू शकते किंवा पिशवी जागा सोडू शकते, असे तिच्या डॉक्टरांनी तिला बजावले होते. तिची गरज आणि माझी गरज यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. पण कापलेल्या स्नायूला आपल्याला कशासाठी कापले हे ठाऊक नसते. तो दोघींकडेही तोच धीर मागतो. तिच्या निर्णयाची झडती घेण्याचे मला काही कारण दिसले नाही.

मला अस्वस्थ करते ती दुसरीच गोष्ट. आमचा हा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा संत्र्यांचा आणि कापसाचा. 1956 मध्ये राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि आम्ही दुसऱ्या. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी मोठ्या आजाराला पाय नागपूरकडेच वळतात. संत्र्याच्या बागेत आणि कापसाच्या शेतात राबणारी एक बाई माझ्यासारखीच शस्त्रक्रिया करून आली. तिच्यापाशी रुग्णालयाचे पत्रक होते. शस्त्रक्रिया झालेल्या हाताला कापू देऊ नका, भाजू देऊ नका, काटा लागू देऊ नका, कीटक चावू देऊ नका, असे त्यात लिहिले होते. हे सारे बरोबर आहे, कारण अशा हातात लहानशी जखमही लवकर चिघळते. पण कापसाच्या बोंडाची वाळलेली टोके बोटांना ओरबाडतात, संत्र्याच्या झाडाला काटे असतात आणि चुलीला ज्वाळा. तिला विश्रांती मिळाली ती अवघे काही दिवस. ती म्हणाली, “म्याडम, निंदाले जा लागते. हात सुजते, पण पोट त थांबत नाही.” मला घरच्यांनी काम करू दिले नाही आणि तिला कोणी थांबू दिले नाही. एकीचा खांदा आखडण्याच्या वाटेवर, दुसरीचा हात सुजण्याच्या वाटेवर. दोघींना मिळालेले पत्रक मात्र एकच.

त्या पत्रकाचा मी आमच्या बोलीत तर्जुमा केला. ‘वजन उचलू नका’ याऐवजी लिहिले, ‘पहिले सहा आठवडे गुंड भरून उचलू नका, अर्धी उचला, तीही चांगल्या हातानं.’ कापूस वेचताना जुन्या सुती मोज्याची बोटे कापून हातात घालावी, विळा चांगल्या हातात घ्यावा, काटा लागलाच तर साबणाने धुऊन मलम लावावे, हात लाल आणि गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, संध्याकाळी हात उशीवर उंच ठेवून मूठ वळावी. डॉक्टरांकडून ते तपासून घेतले. परंतु केवळ पत्रकाने भागत नाही, हेही आता अभ्यासाने दिसले आहे. ब्रिटनमध्ये खांदा आखडण्याचा धोका अधिक असलेल्या 392 स्त्रियांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला फक्त पत्रके दिली, दुसऱ्या गटाला फिजिओथेरपिस्टने सात ते दहा दिवसांपासून समोर उभे राहून व्यायाम शिकविला. वर्षाअखेरीस दुसऱ्या गटाचे हात अधिक चांगले चालत होते. म्हणून त्या बाईला मी रविवारी घरी बोलावते. माझ्या रेघांशेजारी तिच्या रेघा आहेत. माझ्याहून ती उंच आहे, आणि रेघाही.

आमच्या गावी अर्धनारीश्वराचे देऊळ आहे. शिवरात्रीला तिथे मोठी गर्दी होते. घारापुरीच्या लेण्यातली अर्धनारीश्वराची मूर्ती मी नोकरीत असताना पाहिली होती. तिच्या एका अंगाला स्तन आहे, दुसरे अंग सपाट आहे. त्या वेळी शिल्प म्हणून पाहिले आणि पुढे गेले. आजारानंतर आरशासमोर उभे राहण्याचे धाडस व्हायला मला दोन महिने लागले, तेव्हा ती मूर्ती आठवली. त्यात मी काही मोठे तत्त्व शोधत नाही. असे शरीर दगडात कोरताना कोणाला संकोच वाटला नाही आणि त्यापुढे हात जोडताना आम्हालाही वाटत नाही, एवढेच मनात आले. त्यानंतर पोलक्यात कापसाची घडी ठेवायची की नाही हा प्रश्न सोयीचा उरला, लाजेचा उरला नाही.

आता रविवारी दोन-चार बायका येतात. सगळ्याच काही आजारी नसतात. एकीने हळूच विचारले, “मले इथं गोळी लागते, काय असन?” तिला मी दुसऱ्याच दिवशी सौंसरला नेले. ती गाठ साधी निघाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून तिथल्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये वीस वर्षे एक अभ्यास केला. साध्या शिक्षणाच्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी करीत. अशाने आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटलेले दिसले. महागडे यंत्र त्यासाठी लागले नाही. अशी एखादी प्रशिक्षित सेविका आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक गावी फिरावी, असा अर्ज मी संबंधित कार्यालयाकडे दिला आहे. अर्ज कसा लिहावा आणि त्याचा पाठपुरावा कसा करावा, हे मला येते.

माझा डावा हात आज वर जातो, वेणी घालता येते, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो. उजव्या हातापेक्षा तो दोन बोटे कमी पडतो आणि आता त्याहून वर जाईल असे डॉक्टरांना वाटत नाही. गेल्या महिन्यात नातवाला शाळेसाठी जुन्या मापांची माहिती हवी होती. त्याला वाव दाखविण्यासाठी मी दोन्ही हात पसरले आणि त्याने सुतळी धरून माप घेतले. मग उत्सुकतेपोटी त्याने काकूंचे, सुनेचे आणि त्या शेतात जाणाऱ्या बाईचेही माप घेतले. चारही सुतळ्या वेगवेगळ्या लांबीच्या भरल्या. प्रत्येकीवर त्याने नाव लिहून चिठ्ठी बांधली आहे आणि शाळेत नेऊन दाखवली आहे.